तंबाखू लागली

आमच्या घरी तवे दोन होते. एक भाकरीचा, चुलीच्या अंगाला टेकवलेला. दुसरा परसात, न्हाणीच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलेला. त्याला हात लावायची आम्हा पोरांना बंदी होती. त्या तव्यावर आजी मिश्री भाजायची. महिन्या-दीड महिन्यातून एकदा, दुपारी, पुरुषमाणसं रानात गेली की. तीन दगड मांडायचे, खाली दोन गोवऱ्या पेटवायच्या, तंबाखूची सुकी पानं हातानं चुरून तव्यावर टाकायची आणि उलथन्यानं परतत राहायचं. घशात काटे उठावेत असा ठसका सगळ्या आळीला लागायचा. पान काळं ठिक्कर पडलं की उतरवून पाट्यावर वाटायचं, फडक्यातून चाळायचं आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात भरायचं. काय चाललंय ते शेजारी सांगावं लागत नसे. काकू कुंपणापलीकडून हाक मारायच्या, "भाजली व्हय? चिमूटभर मला बी ठेवा."

नऊ वर्षांची असताना एका दुपारी आजीचा डोळा लागलेला पाहून मी तो डबा उघडला. ती लावते तशी तर्जनीवर चिमूट घेतली आणि दातांवरून, हिरड्यांवरून फिरवली. जळकट कडू चव. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तोंडात पाण्याचे लोट आले, कपाळावर घाम फुटला, हातपाय गार पडले, ओसरीचा खांब हलायला लागला आणि मी जोत्यावर बसून भडाभडा ओकले. आई घाबरून गेली. आजीनं माझ्याकडे पाहिलं, डब्याच्या उघड्या झाकणाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय न्हाय, तंबाखू लागलीय पोरीला. गूळ दे आन् पडू दे."

लागली. मराठीत हे क्रियापद ठेचेला चालतं, भुकेला चालतं, सवयीला, तलफेला, ओढीला चालतं. आणि यांतल्या कशातही माणूस कर्ता नसतो. मी भूक करत नाही, मला भूक लागते. माझ्या त्या दुपारच्या विषबाधेला आजीनं जो शब्द वापरला तोच ती स्वतःच्या चाळीस वर्षांच्या सवयीलाही वापरायची: "मला ती लग्नानंतर लागली, सासूबाईंमुळं." गेली दोन वर्षं सवड मिळेल तशी मी मिश्रीच्या मागावर फिरते आहे. सातारा आणि कोल्हापूरकडची गावं, ऊसतोडणीच्या टोळ्यांचे तळ, दंतवैद्यांचे दवाखाने. प्रत्येक ठिकाणी मला तो शब्द आजीच्याच आवाजात ऐकू आला.

मिश्री, मिसरी, मशेरी. गाव बदललं की उच्चार बदलतो, वस्तू तीच: भाजून काळी केलेली तंबाखू. देशभरातल्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणाची दुसरी फेरी २०१६-१७ मध्ये झाली. त्या वेळी भारतातले २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. महाराष्ट्राचा आकडा २६.६ टक्के होता, पण धूर ओढणारे इथे जेमतेम ४ टक्के. म्हणजे या राज्यात तंबाखू हा धुराचा विषय कमी आणि तोंडाचा जास्त. गालातला बार, मावा, विदर्भातला खर्रा, आणि बायकांची मिश्री. सिगारेटच्या पाकिटावर, तंबाखूच्या पुडीवर कर्करोगाचं चित्र असतं. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीवर कोण चित्र छापणार?

कराडजवळच्या एका गावात मी बायकांना विचारलं, ही नशाच ना? सगळ्या दचकल्या. साठीच्या एक मावशी तर चिडल्याच. "नशा पुरुष करत्यात. आमी दात घासतो." त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. मिश्रीची सुरुवात बहुतेकींच्या आयुष्यात दंतमंजन म्हणूनच होते. दाढ दुखली, कुणी वडीलधारीनं सांगितलं, लाव थोडी, बधिर होतं. दाढ पडून जाते, मिश्री राहते. दात घासायच्या वस्तूंत तंबाखू घालायला सरकारनं १९९२ मध्ये बंदी केली. ती कारखान्यांना लागू झाली. परसातल्या तव्यापर्यंत ती पोहोचणार तरी कशी?

मावशींच्या वाक्यानं मला या लेखाचा विषय दिला. मन बदलणारा पदार्थ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गर्दची पुडी येते, गोव्यातल्या रात्री येतात, पोलिसांचे छापे येतात. स्वयंपाकघराच्या फळीवरचा डबा येत नाही. पण मेंदूच्या दृष्टीनं पाहिलं तर त्या डब्यातला पदार्थ हा माणसाला माहीत असलेल्या सर्वांत चिवट सवयी लावणाऱ्या पदार्थांपैकी एक आहे.

तंबाखूचं झाड निकोटिन तयार करतं ते मुळांमध्ये, आणि पानांकडे पाठवतं. कशासाठी? किड्यांनी पानं खाऊ नयेत म्हणून. ते किड्यांसाठीचं विष आहे. शेतकऱ्याला हे कधीचंच ठाऊक आहे. पिकावर मावा पडला की तंबाखूचा काढा फवारायची रीत जुनी आहे. १८२८ मध्ये हायडेलबर्गच्या पोसेल्ट आणि रायमान या दोन तरुणांनी ते पानातून वेगळं काढलं. पुढे केंब्रिजचे शरीरशास्त्रज्ञ जॉन लँगली यांनी त्याचा वापर मज्जातंतूंच्या अभ्यासासाठी केला. निकोटिनचा थेंब स्नायूवर ठेवला की स्नायू आखडतो, त्याची नस तोडलेली असली तरी आखडतो. यावरून लँगलींनी १९०५ मध्ये मांडलं की पेशीवर अशी काही खास जागा असली पाहिजे, जी आलेला निरोप स्वीकारते. आज ज्यांना 'रिसेप्टर' म्हणतात आणि निम्मं औषधशास्त्र ज्यांच्यावर उभं आहे, त्या कल्पनेचा उगम असा तंबाखूपाशी आहे.

ती जागा निकोटिनसाठी नव्हतीच. ती अॅसिटिलकोलिन या आपल्याच शरीरातल्या निरोप्यासाठी होती. तो स्नायूंना हलवतो, हृदयाची गती आवरतो, मेंदूत लक्ष आणि स्मरण जागं ठेवतो. निकोटिनचा रेणू त्याच्याशी इतका मिळताजुळता आहे की त्याच कुलपात बसतो. फरक एवढाच, की अॅसिटिलकोलिनचं काम झालं की शरीर ते क्षणार्धात मोडून टाकतं. निकोटिन तसं मोडत नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण दोन तास लागतात.

माझी ती दुपार आता मला पायरीपायरीनं वाचता येते. लाळ सुटली, कारण लाळेच्या ग्रंथींना खोटा निरोप गेला. मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथींमधून अॅड्रेनालिन सुटलं, छाती धडधडली. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसल्या, म्हणून हातपाय गार. ओकारीचं केंद्र मेंदूच्या अशा भागात आहे जिथे रक्तातलं विष लगेच ओळखू येतं. त्यानं आपलं काम चोख केलं. निपाणीकडच्या तंबाखूच्या रानांत दवानं ओली पानं तोडणाऱ्या मजुरांनाही हेच होऊ शकतं, तोंडात काहीही न घालता. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतूनच आत शिरतं. वैद्यकात त्याला हिरव्या तंबाखूचा आजार म्हणतात.

मग पहिल्याच वेळी असं लोळवणारं विष माणूस दुसऱ्यांदा का घेतो? सगळेच घेतात असं नाही. मीही घेतलं नाही. पण ज्यांना घ्यायला लावलं जातं, दाढेसाठी किंवा सासूच्या सोबतीनं किंवा भूक मारायला, त्यांचं शरीर काही दिवसांतच ओकारीला सरावतं. आणि मागे राहतो दुसरा परिणाम. मेंदूच्या तळाशी, मध्यमेंदूत, पेशींचा एक छोटासा पुंजका आहे. पोटात अन्न गेलं, तहानेला पाणी मिळालं, मूल हसून बिलगलं की तो डोपामिन सोडतो. लोक याला सुखाचं रसायन म्हणतात, पण ते वर्णन अपुरं आहे. 'हे पुन्हा कर' अशी खूण बांधणारं रसायन म्हटलं तर जास्त जवळ जाईल. निकोटिन त्या पुंजक्याला जागं करतं. खूण बांधली जाते. आणि ती नुसत्या पुडीशी बांधली जात नाही. पहाटेचा अंधार, ओसरीचा तोच कोपरा, डब्याच्या झाकणाचा आवाज, बोटाचा हिरडीला होणारा स्पर्श, या सगळ्यांशी बांधली जाते. आजीला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा तिला चार दिवस मिश्री आठवलीही नव्हती. घरी आली, न्हाणीची भिंत दिसली आणि तिनं डबा मागितला.

इथे पुरुषांच्या तळहातावरच्या तंबाखूबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यात एक गोष्ट आहे जी मला फार विलक्षण वाटते. तंबाखूत चुना का मळतात? विचारलं तर उत्तर मिळतं, चुन्याशिवाय चढत नाही. हे अगदी खरं आहे. आम्लात निकोटिनच्या रेणूवर विद्युतभार असतो आणि भार असलेला रेणू गालाच्या अस्तरातून आत जायला अडतो. चुन्याच्या क्षारानं तो भार उतरतो आणि निकोटिन सरळ रक्तात उतरतं. चंचीतून चुना काढून अंगठ्यानं तंबाखू मळणारा माणूस रसायनशास्त्राचं एक पान रोज तळहातावर गिरवत असतो. गडचिरोलीत हेच मळणं प्लास्टिकच्या कागदावर होतं. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घासून खर्रा तयार होतो. त्यात सुपारीचं अॅरेकोलिनही येतं. तेही अॅसिटिलकोलिनच्याच कुलपांत बसणारं, पण वेगळ्या जातीच्या. आणि सुपारी कर्करोग करते हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितलं आहे. खर्रा खाणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलांची तोंडं उघडेनाशी होतात. गालाच्या आतली कातडी दोरखंडासारखी ताठ होत जाते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं सरकार आणि टाटा ट्रस्टसोबत २०१६ पासून तिथे 'मुक्तिपथ' हे व्यसनमुक्तीचं अभियान चालवलं आहे. गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासून आहे. खर्ऱ्याला व्यसन मानायला मात्र लोकांना बराच काळ लागला.

पुन्हा बायकांकडे येते.

बीडहून आलेल्या एका टोळीच्या तळावर मी दोन रात्री राहिले. कारखान्याजवळच्या मोकळ्या माळावर पालं पडली होती. पहाटे तीनच्या सुमाराला पालांतून बायका उठल्या. चुली पेटल्या नव्हत्या. आधी डबी उघडली गेली. चार-पाच जणी एका रांगेत उकिडव्या बसल्या, बोट दातांवर फिरत होतं, कुणी बोलत नव्हतं. थंडी होती. मी घड्याळ पाहिलं, सुमारे दहा मिनिटं. मग चुळा भरल्या, परसाकडे जाऊन आल्या, आणि दिवस सुरू झाला. भाकऱ्या, पाणी, पोरं, मग फड. वर्षाची उचल नवरा-बायकोच्या एका कोयत्यावर घेतलेली असते. मोळ्या वाहून गाडी भरेपर्यंत बसायचं नसतं. दुपारी बांधावर बसलेली एक जण मला म्हणाली, "मिसरी लावली की भूक मरती. सकाळी खात बसलं तर मुकादम वरडतो. दुपारपत्तुर निभतं."

भूक मरते, हेही खरं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांवर दाखवलं की हायपोथॅलॅमस या भागातल्या, पोट भरल्याचा निरोप देणाऱ्या पेशी निकोटिननं जाग्या होतात. पोट रिकामं असतं आणि मेंदूला निरोप जातो, भरलंय. जिला मुळातच अन्न कमी पडतं, जिचं रक्त मुळातच कमी आहे, तिच्या शरीरात हा खोटा निरोप किती महाग पडत असेल याचा हिशेब मी त्या बांधावर बसून करत होते. त्या मजूर बाईला दोष देणं मला जमलं नाही. तिला जेवायला वेळ नव्हता, म्हणून तिनं भुकेची सोय लावली होती.

परसाकडचं तर मला कुणी सांगितलंच नसतं, पण एक आजी अगदी सहज बोलून गेल्या. "लावल्याबिगर पोट हालत न्हाय." निकोटिन आतड्याच्या नसांनाही चालना देतं, त्यामुळे पोट हलतं. पण यामागचं दुःख वेगळं आहे. ज्या बाईला उजाडायच्या आत, अंधाराच्या आडोशानंच जाऊन यायचं होतं, तिच्या शरीरानं वेळेवर ऐकणं ही लाजेची आणि अब्रूची बाब होती. मिश्रीनं ते वेळेवर होई. माझ्या आजीच्या पिढीतल्या किती बायकांना मिश्री 'लागण्या'मागे घरात शौचकूप नसणं हे कारण असेल, याचा अभ्यास कुणी तरी करायला हवा.

मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकारी श्रीविद्या यांनी १,२१७ स्त्रियांच्या गरोदरपणाचा पाठपुरावा केला. २००४ मध्ये तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या आयांमध्ये मिश्रीवाल्या मोठ्या संख्येनं होत्या. तंबाखू घेणाऱ्या या आयांची बाळं न घेणाऱ्यांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी जन्मली आणि सरासरी सहा दिवस आधी आली. १०५ ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात. अडीच किलोच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बाळाला ते थोडे नसतात. निकोटिन वारेतून पार होतं. आईच्या रक्तवाहिन्या आकसल्या की बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. आणि ज्या कुलपांच्या आधारानं बाळाचा मेंदू स्वतःची जुळणी करत असतो, ती कुलपं अवेळी उघडली जातात. तळावरची एक तरुण मुलगी सहाव्या महिन्यात होती. तिच्या हातात डबी होती. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मळमळतं म्हणून लावते." तिला या दिवसांत लावू नको म्हणून आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

बायकांनी दिलेल्या कारणांत सर्वांत वरचं कारण मात्र भूक नव्हतं, पोट नव्हतं, दाढ तर नव्हतीच. "डोकं शांत होतं." कुणी म्हणालं जीव निवतो, कुणी म्हणालं डोक्यातला कालवा थांबतो. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि बरेच महिने त्यावर अडून बसले. कारण शास्त्र सांगतं ते उलटं आहे. निकोटिननं हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, अॅड्रेनालिन सुटतं. हे शांततेचं लक्षण कसं?

उत्तर कुलपांतच आहे. सतत निकोटिन मिळत राहिलं की ती कुलपं बधिर होतात, आणि मेंदू भरपाई म्हणून त्यांची संख्या वाढवतो. रात्रभर झोपेत निकोटिन उतरतं. पहाटेपर्यंत बधिर झालेली कुलपं पुन्हा जागी होतात आणि आता ती संख्येनं जास्त असतात, सगळी रिकामी. बेचैनी, चिडचिड, डोकं जड, कशात लक्ष नाही. मग चिमूट येते आणि दहा-वीस मिनिटांत सगळं निवतं. ते निवणं खरं असतं, त्या बायका काही कल्पनेत नसतात. पण जी आग विझते ती आदल्या दिवशीच्या चिमटीनंच लावलेली असते. मिश्री न लावणारी शेजारीण ज्या शांततेत सकाळी उठते, त्या शांततेपर्यंत पोहोचायला मिश्रीवालीला चिमूट लागते. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल फागेरस्ट्रॉम यांनी १९७८ मध्ये धूम्रपानाचं व्यसन किती खोल आहे ते मोजायची प्रश्नावली तयार केली. त्यातून पुढे घडत गेलेल्या चाचणीतल्या सर्वांत वजनदार प्रश्नांपैकी एक असा आहे: उठल्यावर किती वेळात पहिली? पाच मिनिटांच्या आत असेल तर सर्वांत जास्त गुण. त्या पहाटे पालातून उठलेल्या बायकांना पाच मिनिटंही लागली नव्हती.

२०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्येच २६ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. तो धूम्रपान सोडलेल्यांवरचा आहे, पण निकोटिन तेच. सोडणाऱ्यांची चिंता, उदासी आणि ताण, न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेला आढळला. मन शांत ठेवायला जे घेतलं जातं ते सुटल्यावर मन जास्त शांत होतं, ही गोष्ट मी कराडजवळच्या त्या मावशींना सांगितली तेव्हा त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "मंजी चाळीस वर्सं मी तिचंच देणं फेडतीया?" त्या बाईंनी जे सात शब्दांत सांगितलं ते मला पुस्तकांत कुठे इतकं स्वच्छ सापडलं नव्हतं.

निकोटिनच असं वागतं असं नाही. अफू घ्या. शरीरात स्वतःची अफू असते, एन्केफेलिन नावाची. १९७५ मध्ये अॅबर्डीनच्या ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी ती शोधली. वेदना बोथट करणं हे तिचं काम. गर्द तिच्या जागा बळकावतो आणि शरीर आपली वेदनाशामकं करणं जणू विसरून जातं. भांग-गांजाच्या जागी बसणारा शरीरातला रेणू १९९२ मध्ये जेरुसलेमला राफाएल मेचौलम यांच्या प्रयोगशाळेत सापडला. त्यांनी त्याला 'आनंदमाइड' असं नाव दिलं, आपल्या 'आनंद' शब्दावरून. दारूचा मार्ग वेगळा. ती मेंदूच्या ब्रेकवर पाय देते आणि मेंदू वर्षानुवर्षं त्याविरुद्ध गती वाढवून ठेवतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्यानं ती एका रात्रीत, डॉक्टरशिवाय बंद करणं धोक्याचं असतं. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तंबाखू सोडताना असा धोका नाही. त्रास होतो, पण तो जीवघेणा नसतो. हे प्रत्येक मिश्रीवालीला कुणी तरी आधी सांगायला हवं, कारण कित्येकींनी मला विचारलं, "एकदम सोडली तर काय हुईल का?"

जीव जातो तो मिश्री लावत राहिल्यानं. निकोटिन माणसाला बांधून ठेवतं, आणि कर्करोग येतो त्याच्या सोबत्यांमुळे. तंबाखू सुकवताना-मुरवताना त्यात नायट्रोसामाइन नावाची रसायनं तयार होतात. मिश्रीत आणखी भर पडते ती भाजण्यानं. पान जळताना बेंझोपायरीनसारखी, धुरातच एरवी सापडणारी द्रव्यं तयार होतात. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात मिश्रीची तपासणी झाली होती आणि प्राण्यांमध्ये तिच्यामुळे गाठी होतात असं दिसलं होतं. म्हणजे मिश्री लावणारी बाई धूर न ओढताही धुरातलं विष बोटानं हिरडीवर चोळते. हे ज्ञान चाळीस वर्षं जुनं आहे. तव्यापर्यंत ते अजून पोहोचलेलं नाही, आणि याचा मला राग येतो.

सुटतं का? सुटतं. धूम्रपान सोडलेल्यांच्या मेंदूच्या प्रतिमा सांगतात की वाढलेली कुलपं सहा ते बारा आठवड्यांत नेहमीच्या संख्येवर येतात. पहिले तीन दिवस सर्वांत वाईट. तलफ उठते तेव्हा कायम राहीलसं वाटतं, पण एकेक लाट काही मिनिटांत ओसरते. ती लाट घड्याळ लावून पाहायला शिकवणारं कुणी जवळ असेल तर अर्धं काम होतं. १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत दूरध्वनी त्यासाठीच आहे, आणि परळचं टाटा रुग्णालयही त्या सेवेत आहे. निकोटिनचं च्युइंगगम मिळतं. त्याचा शोध स्वीडनच्या ओव्हे फर्नो यांनी लावला, तोही पाणबुडीतले खलाशी सिगारेट ओढता येत नाही म्हणून तंबाखू चघळतात हे कळल्यावर. त्यात निकोटिन गालातून शिरावं म्हणून मुद्दाम क्षार घातलेला असतो. आपल्या चुन्याचंच काम. एका दंतवैद्य बाईंनी मात्र मला खरी अडचण सांगितली: माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांचे दात हलतात, त्या गम चावणार कशा?

पुण्याला २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते गर्दच्या पोरांसाठी. व्यसन हा आजार आहे, आणि पदार्थ काढून घेतला की मागे जो खड्डा उरतो तो भरावा लागतो, हे महाराष्ट्राला त्या घरानं शिकवलं. मिश्रीचा खड्डा कसला आहे हे मला मात्र शेवटी त्या मावशींकडूनच कळलं.

त्यांनी गेल्या माघात सोडली. हिरडीवर पांढरा चट्टा आला होता, डॉक्टरनं बोट ठेवून आरशात दाखवला म्हणून. पंधरा दिवस सुनेशी भांडल्या, चहा चारदा प्यायल्या, पोट अडलं, झोप उडाली. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. मी विचारलं, सर्वांत अवघड काय गेलं? मला वाटलं तलफ म्हणतील. त्या म्हणाल्या, "तोंडात मिश्री असली की बोलता येत न्हाय. कुणी हाक मारली तरी हूं म्हणायचं. घरात समद्यांना ठावं, म्हातारी मिश्री लावतीया, तिला आत्ता काय सांगू नगा. दिसातला तेवढाच येळ माजा हुता."

चैत्रात मी पुन्हा गेले तेव्हा त्यांच्याच घरी मुक्काम होता. पहाटे जाग आली. मावशी ओसरीच्या त्याच कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. हात मांडीवर मोकळे. आतून सुनेनं विचारलं, "आत्या, चूल पेटवताय का?"

"थांब जरा," मावशी म्हणाल्या. "बसलीया मी."